पानाशेजारी कोण बसतं?

पुण्यात ज्येष्ठ नागरिकांचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक फुटपाथ, दुसरी परदेशातली मुलं. दोन्हींवर इतकं लिहून झालंय की आणखी भर घालण्यात अर्थ नाही. फुटपाथ आहेत तसेच आहेत आणि मुलंही आहेत तिथंच आहेत. मला बोलायचंय ते त्यामानानं किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीबद्दल. पेन्शनरांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात सत्तरीपुढची माणसं जेवतात कोणाबरोबर?

काय जेवतात, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. डॉक्टर मीठ-साखरेचं विचारतात. मुलगी रोज फोनवर 'जेवलात का बाबा' विचारते. शेजारच्या काकू एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणून देतात. पण जेवताना समोर कोण होतं, हे कोणी विचारत नाही, कारण तो प्रश्न तब्येतीचा आहे असं कोणाला वाटतच नाही. तो तब्येतीचाच आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि तो ज्याच्या त्याच्या घरावर सोडून आता भागणार नाही. महापालिकेनं, सोसायट्यांनी आणि गल्लोगल्ली असलेल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी तो आपल्या कामाच्या यादीत घ्यायला हवा.

ओळखीतले एक गृहस्थ कोथरूडला राहतात. वय ७८. निवृत्त इंजिनिअर, पेन्शन चांगली, फ्लॅट स्वतःचा, पत्नी काही वर्षांपूर्वी गेली. सकाळची टेकडी चुकत नाही. त्यांच्याकडे सहा माणसांचं जेवणाचं टेबल आहे. त्यावर आता गोळ्यांच्या पट्ट्या, लाइट बिलं, बँकेची पाकिटं, एक जुना दिवाळी अंक आणि रक्तदाब मोजायचं यंत्र असतं. कोपऱ्यात एक ताट मावेल एवढी जागा उरलीये, पण तिथंही ते बसत नाहीत. ओट्यापाशी उभ्यानंच जेवतात, भाजी डब्यातली डब्यातूनच. चौकातल्या पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या येतात. दोन दुपारी, दोन रात्री दुधात कुस्करून. आमटी नाही, कारण एका वाटीसाठी कुठं कुकर लावायचा. कोशिंबीर तर नाहीच. स्वतः एकट्यासाठी काकडी चोचवत बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणतात, मजेत आहे, कुणाची कटकट नाही. पण पँटच्या पट्ट्याला त्यांनी घरीच खिळ्यानं एक नवं भोक पाडलंय. वजन किती उतरलं ते त्यांना माहीत नाही. वजनकाटा आहे, पण त्यावर उभं राहिल्यावर खालचा आकडा दिसत नाही, आणि वाचून सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

वय वाढलं की भूक तशीही कमी होते. जिभेला चव आणि नाकाला वास कमी कळतो, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, तहान लागलेली जाणवत नाही. त्यात कवळी टोचते. मग कडक ते सगळं वगळलं जातं. म्हणजे भाकरी, शेंगदाणे, गाजर, कच्चं काहीही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननं काहींची उरलीसुरली भूकही मरते. अशा अवस्थेत माणूस जेवतो तो भूक लागली म्हणून नव्हे; वेळ झाली म्हणून, पानं घेतली म्हणून, आतून कोणीतरी हाक मारली म्हणून. ती हाकच बंद झाली तर चहा-खारीवर दुपार आणि दूध-पोळीवर रात्र निघून जाते.

यात पोट भरतं, पण अंगी लागत नाही. साधारणपणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. पासष्टीपुढच्यांसाठी ती १ ते १.२ ग्रॅम हवीत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०१३ मध्ये केली. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजोबांना रोज ६० ते ७२ ग्रॅम. दोन पोळ्या आणि कपभर दूध यांतून १५ ग्रॅमसुद्धा धड मिळत नाहीत. मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हातांचा रेटा द्यावा लागतो, मग एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर घरचे सांगत राहतात, 'पडल्यापासून बाबा खचले.' खरं तर पडायच्या आधी दोन-तीन वर्षं ते खचत होते, तेव्हा कोणी पाहत नव्हतं.

पाहत नव्हतं, हाच यातला मोठा भाग आहे. चार माणसांत जेवायला बसणं म्हणजे न सांगता होणारी रोजची तपासणी. घास गिळताना ठसका लागतो, वाटी धरलेला हात कापतो, आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं जातं, सकाळी पोहे खाल्ले होते हे आठवत नाही. या गोष्टी दवाखान्यात पाच मिनिटांत दिसत नाहीत, पानावर दिसतात. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि मग 'आज काही नको वाटतंय' म्हणून जेवण टाळलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. समोर कोणी असेल तर कपाळावरचा घाम आणि अडखळलेलं बोलणं त्याच्या लक्षात येतं. एकट्या माणसाला आपलं आपल्याला कळेपर्यंत हातपाय गळालेले असतात.

हे नुसतं घरगुती निरीक्षण नाही. जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात लोकांना खाण्याच्या डायऱ्या लिहायला लावल्या, तेव्हा सोबतीनं घेतलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं निघालं. पोट सुटलेल्या पन्नाशीच्या मधुमेह्याला हा धोक्याचा इशारा आहे. पंगतीत दोन जिलब्या जास्त जातात त्या अशाच. पण वजन उतरत चाललेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला हेच औषध. २००५ मध्ये अलाबामातल्या संशोधकांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या जेवणाची नोंद केली. जेवताना कोणी सोबत असलं की दर जेवणाला सरासरी ११४ कॅलरी जास्त पोटात जात होत्या. आपल्या भाषेत, वरून तूप लावलेली एक पोळी. रोज एक पोळी कमी जाणं म्हणजे काय, हे त्या पट्ट्याच्या भोकावरून समजतं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे १२ देशांतले २४ अभ्यास एकत्र तपासले, ८० हजारांहून अधिक ज्येष्ठांचे. एकटं जेवणाऱ्यांच्या आहारात फळं, भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ कमी, वजन घटण्याचं आणि अशक्तपणाचं प्रमाण जास्त, असाच त्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष.

आता कोणी म्हणेल, आजारी आणि उदास माणूसच एकटा पडतो आणि म्हणून एकटा जेवतो. एकटं जेवल्यानं आजारी पडतो, हे कशावरून? आक्षेप रास्त आहे. अशा बऱ्याचशा अभ्यासांतून नेमकं कोण कोणाच्या मागे आलं ते कळत नाही, आणि मला वाटतं प्रत्यक्षात दोन्ही होतं: उदास वाटतं म्हणून चौघांत जाणं नको होतं, आणि चौघांत जात नाही म्हणून अधिक उदास वाटतं. पण यातली उदासी बाहेरून हलवणं कठीण. ताटाची जागा हलवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

जपानमध्ये या विषयावर सगळ्यात बारकाईनं काम झालंय. तिथं पासष्टीपुढच्या हजारो लोकांचा काही वर्षं माग ठेवला गेला. एकटे राहणाऱ्या पुरुषांमध्ये जे एकटेच जेवतात त्यांना नैराश्य येण्याचं प्रमाण, एकटे राहूनही कोणाबरोबर तरी जेवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. हे एक वेळ अपेक्षितच म्हणू. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७० हजारांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या अभ्यासानं मला जास्त हलवलं. घरच्यांसोबत राहणारे आणि त्यांच्याबरोबरच जेवणारे पुरुष एका बाजूला. घरच्यांसोबत राहणारे, पण जेवताना एकटे असलेले दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या गटात तीन वर्षांत मृत्यू होण्याची जोखीम जवळपास दीडपट होती. एकटं राहून एकटं जेवणाऱ्या पुरुषांची जोखीम त्यापेक्षा कमी होती. रिकाम्या घरात एकटं जेवण्यापेक्षा भरल्या घरात एकटं जेवणं वाईट, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

भरली घरं पुण्यात भरपूर आहेत. मुलगा-सून हिंजवडीला, रात्री नऊच्या आत घरी पोचणं वाहतुकीच्या मर्जीवर. आजोबांना गोळीमुळे साडेसातला जेवावं लागतं. स्वयंपाकाच्या मावशी सहाला सगळं करून, झाकून जातात. साडेसातला ताट खोलीत येतं, किंवा आजोबाच वाढून घेतात आणि टीव्हीवरच्या चर्चेपुढे बसतात. तिथं आठ माणसं एकाच वेळी ओरडत असतात. सोबत म्हणायची तर तेवढीच. त्याच वेळी हॉलमध्ये पाच वर्षांची नात मोबाइलवर कार्टून लावून वरण-भात खात असते, कारण मोबाइलशिवाय ती घासच घेत नाही. एकाच घरात, एकाच वेळी, दहा फुटांच्या अंतरावर दोन माणसं दोन पडद्यांसमोर जेवतायत. यात कोणीही दुष्ट नाही. सून वाईट नाही, मुलगा बेपर्वा नाही, मावशी तर सगळ्यांची काळजी घेतात. फक्त आजोबा आणि नात यांची पानं एकत्र घ्यावीत हे कोणाला सुचलेलं नाही, कारण दोघंही 'जेवून घेतात' आणि प्रश्न मिटतो.

सरकारी मोजणीतही ही माणसं दिसत नाहीत. आपल्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते सामाईक स्वयंपाकघरावर: एका चुलीवरचं अन्न खाणारे ते एक कुटुंब. खोलीत ताट नेऊन देतात ते आजोबा त्याच चुलीवरचं खातात, म्हणजे ते कुटुंबात. केंद्र सरकारच्या लासी या वृद्धत्वाविषयीच्या २०१७-१८ च्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या शंभरांपैकी सहाच्या आसपास माणसं एकटी राहताना आढळली. हा आकडा ऐकून बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. पण तो राहण्याचा आकडा आहे, जेवण्याचा नव्हे. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदासुद्धा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार एवढंच मागतो. बरोबरच आहे, शेजारी बसा, असा आदेश कुठलं न्यायाधिकरण देणार?

या जागी लेखात सहसा वाड्यातल्या पंगती येतात. माजघरात पाट मांडलेले, आजोबांचं पान मध्यभागी, वदनी कवळ घेता. मला त्या आठवणींचा थोडा रागच येतो. कारण त्या पंगतीत आजी कुठं होती? ती वाढत होती. पोळी तव्यावरून थेट पानात पडावी म्हणून ती चुलीपाशी होती, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भाजीत ताक कालवून एकटीच जेवत होती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चूल गेली, ओटा आला. शेवटी एकटं बसणं तेच राहिलं. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर एकटीनंच जेवण केलंय. विधवा झाल्यावर त्या एकट्या जेवायला लागल्या नाहीत. फक्त आता वाढायला समोर कोणी नाही आणि म्हणून रांधायचं कारणही नाही. 'एकटीसाठी काय करायचं' हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही जिन्यात ऐकू येतं. ज्या पोथ्यांनी 'स्वतःसाठीच अन्न शिजवतो तो पाप खातो' असं बजावलं, त्यांना आपमतलबी यजमान अभिप्रेत होता. ऋग्वेदातलं 'केवलाघो भवति केवलादी' तसंच. ती शिकवण बरोबर जिला लागू नव्हती तिच्याच अंगवळणी पडली. स्वतःसाठी चार भांडी घासणं तिला अजून चैन वाटते.

जपानी आकड्यांत पुरुषांचे हाल जास्त का दिसतात, याचा अंदाजही इथूनच करता येतो. बाईला स्वयंपाक येतो, भिशी असते, भजनी मंडळ असतं, शेजारणीच्या घरात वाटी घेऊन जायचा हक्क असतो. पुरुषाची सगळी सोबत एका बायकोमार्फत येत होती आणि जेवणही तिच्यामार्फतच. ती गेली की दोन्ही एका दिवशी बंद.

आणि आपल्याकडे कुटुंबव्यवस्था घट्ट आहे म्हणून हा पाश्चात्त्यांचा प्रश्न, असं समजून स्वस्थ बसणाऱ्यांसाठी: २०२५ च्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये सोबतीच्या जेवणावर अख्खं प्रकरण आहे. आठवड्याच्या दुपार-रात्र मिळून १४ जेवणांपैकी लॅटिन अमेरिकेतले लोक साधारण ९ जेवणं ओळखीच्या माणसाबरोबर घेतात. दक्षिण आशियात हा आकडा चारहूनही कमी. जगात सगळ्यात कमी.

मग करायचं काय? पुणेकराचं पहिलं उत्तर ठरलेलं: डबा लावा. घरगुती डबा, मधुमेहींचा डबा, कमी तेलाचा डबा, सात्त्विक डबा; या शहरात डब्यांची कमी नाही आणि हिंडणं-फिरणं बंद झालेल्यांना तो आधार मोठाच आहे. पण डबा स्वयंपाकाचा प्रश्न सोडवतो, जेवणाचा नाही. कोथरूडच्या त्या गृहस्थांकडे अन्न येतंच की. उलट डबा दारावर लटकवून गेला की माणसाला दार उघडून बाहेर पडायचं शेवटचं कारणही उरत नाही. मुलांनी परदेशातून ॲपवर जेवण मागवून देणं हे तर त्याहून पुढचं. त्यात मुलाचं मन शांत होतं, हा फायदा आहे, पण तो मुलाचा.

अमेरिकेनं ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी ओळखली. १९६५ च्या तिथल्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात १९७२ मध्ये भोजनाची तरतूद आली. तिच्यात आता घरपोच डबा आणि केंद्रावर येऊन एकत्र जेवण असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याच्या उद्देशांत भूक आणि कुपोषण यांच्या जोडीला माणसांनी माणसांत मिसळणं हेही लिहिलेलं आहे. पण तेवढं लांब जायची गरज नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या चांदणकी गावातली तरुण मंडळी शहरांत आणि परदेशांत गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी घरोघरचा स्वयंपाक बंद करून गावाचं एकच स्वयंपाकघर सुरू केलं. सगळे तिथंच येऊन जेवतात.

पुण्याला नवी इमारतसुद्धा बांधायला नको. महापालिकेनं ठिकठिकाणी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधलेली आहेत. वर नगरसेवकाच्या नावाची पाटी, आत कॅरम, वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी पाहिलेली बहुतेक केंद्रं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी, नेमकी जेवणाच्या वेळी, बंद. ज्येष्ठ नागरिक संघांचं जाळंही तयार आहे. महिन्याचे वाढदिवस, व्याख्यानं, सहली, कोजागरी, सगळं शिस्तीत होतं. माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून तीन दुपारी केंद्र साडेबाराला उघडावं. स्वयंपाक प्रभागातल्या बचत गटाकडे द्यावा. पोळी किंवा भाकरी, उसळ, पालेभाजी, दाट वरण, भात, दही. कवळीवाल्यांना चावेल असं शिजलेलं, मीठ बेतानं. बसायला खुर्ची-टेबल, कारण पाटावरून उठता येणारे आता फारसे नाहीत. आणि मोबाइल खिशात.

खर्चाचं गणित घाबरवणारं नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत शहरी भागात एका थाळीचा हिशेब ५० रुपये धरला होता, त्यांतले दहा जेवणारा देत होता. त्या योजनेत पुढे अनुदान थकल्याच्या तक्रारी झाल्या, तो धडा घ्यायचाच. आजच्या भावानं थाळी ८० रुपये धरू. चाळीस माणसं, आठवड्याला तीन दिवस: वर्षाला पाच लाखांच्या आत. त्यांतले निम्मे जेवणाऱ्यांनी द्यावेत. कोथरूड-प्रभात रोडवरच्या पेन्शनरांना पूर्ण पैसे द्यायलाही हरकत नसावी, आणि फुकट दिलं तर त्यांतले अर्धे येणारही नाहीत. जनता वसाहतीसारख्या झोपडवस्तीत मात्र दर वेगळा लावावा लागेल. तिथली आजी श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांवर महिना काढते, दिवसभर घरातले सगळे कामावर असतात आणि तिच्या एकटं जेवण्यात सोबतीआधी अन्नाचाच तुटवडा असतो. राज्य सरकार वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची यांसाठी ३००० रुपये देतं, ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट आहे. दिसावं, ऐकू यावं, फिरता यावं, इथपर्यंत सरकारचा विचार पोचलाय. जेवण त्याच रांगेत पुढचं आहे.

आक्षेप काय येतील ते माहीत आहे. म्हातारी माणसं एकत्र आली की भांडतात. भांडतीलच, वरणात गूळ घालायचा की नाही यावरूनच पहिल्या आठवड्यात दोन गट पडतील. एकमेकांना विटलेली माणसंही शेजारी बसून चार घास जास्त खातात, त्यामुळे मला त्याची काळजी नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: काहींना एकांतच आवडतो. खरं आहे. आयुष्यभर सासरच्या दहा जणांचं केल्यावर सत्तरीत शांतपणे, आपल्याला हवं तेव्हा, पुस्तक समोर धरून जेवणारी बाई मला माहीत आहे आणि तिला कुठल्याही केंद्रावर ओढून न्यायची काही गरज नाही. तिचं पान नीट वाढलेलं असतं, चटणी-कोशिंबिरीसह. एकटं जेवणं निवडलेलं आहे की वाट्याला आलंय, हे ओट्यावर पाहिलं की कळतं. तिसरा आक्षेप येईल शाकाहार-मांसाहाराचा, उपासतापासाचा आणि आडून आडून जातीचा. त्याचं उत्तर आधीच ठरवून पाटीवर लिहावं लागेल: जेवण सगळ्यांना एक, वाढणारे कोणीही, बसायचं कुठंही.

जातीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण माझी दुसरी सूचना पुण्याच्या ज्या जुन्या रीतीवरून सुचली तिच्यात ती घट्ट बसलेली होती. बाहेरगावची गरीब मुलं शिकायला पुण्यात यायची आणि वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कित्येकांची शिक्षणं त्यावर झाली. पण वार मिळायचा तो बहुतेक आपल्याच जातीच्या घरी, आणि ज्यांच्या जातीची घरं शहरात नव्हती त्यांना तो नव्हताच. ते तसं पुन्हा नको. मात्र आज नव्या पेठेत आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली हजारोंनी राहतात. लातूर, बीड, नंदुरबारहून आलेली. मेसचं पातळ वरण मोबाइलकडे बघत गिळतात. तीही एकटीच जेवतात, फक्त वयामुळे त्यांना खपून जातं. त्यांच्या खोल्यांपासून दोन गल्ल्यांवर तीन खोल्यांच्या घरात एक आजी किंवा आजोबा एकटे असतात. आठवड्यातला एक वार या दोघांनी एकमेकांना द्यावा. मुलानं येताना भाजी आणावी, कुकर लावावा. आजोबांनी पैसे द्यावेत आणि पानं घ्यावीत. ज्येष्ठ नागरिक संघानं मध्यस्थी करावी, ओळखपत्र आणि पोलिस पडताळणीचं बघावं, कारण परदेशातल्या मुलांचा पहिला फोन त्यासाठीच येणार आहे आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. सुरुवात दहा-बारा घरांपासून, त्याही संघाचा सभासद ज्यांना ओळखतो अशा. पहिले काही वार दोघंही अवघडून जेवतील. मग राज्यघटनेतल्या कुठल्यातरी कलमावरून आजोबा मुलाची चूक काढतील, मुलगा मोबाइलवर शोधून त्यांचीच चूक दाखवेल, आणि पुढच्या वारी वाद उरलेला असल्यामुळे आजोबा सकाळीच फोन करून विचारतील, आज किती वाजता येतोयस?